सव्वा मिनिटाचं ऊन

कातडं माझ्या हाताला कळतं.
हिरड्याच्या पाण्यात किती दिवस मुरलंय,
पाठीचं आहे का पोटाचं,
रापी कुठं चालवायची, कुठं नाही.
सुभाषनगरात बत्तीस वर्षं चपलेची वेणी घालतो मी.
घालतो. आमच्याकडं बायकाही तसंच बोलतात.
पुण्याची डॉक्टरीण पहिल्या दिवशी
वहीतनं मान वर करून बघत राहिली.

माझं स्वतःचं कातडं तेवढं कळलं नाही.
कोपरावर रुपयाएवढं उठलं,
मग ताटलीएवढं,
मग पाठभर.
सकाळी अंथरूण झाडलं की पापुद्र्यांचा भुसा,
आणि सून काही न बोलता केरसुणी आणायची.
गिऱ्हाईक चप्पल बघायचं, मग माझा हात बघायचं,
मग म्हणायचं, दुसरा जोड दाखवा.

दवाखान्यात एक कपाट आहे, माणूस उभा मावेल एवढं,
आत चारी बाजूंनी नळ्या.
नसीमा मुजावर काळा चष्मा देते,
दार ओढते, बाहेरनं ओरडते,
सातपुते मावशी, मोजा!
पहिल्या दिवशी वीस आकडे. मग तीस.
वाढत वाढत पंचाहत्तर.
त्या उजेडाला नंबर आहे, तीनशे अकरा.
मला नऊ नंबर ठाऊक, दहा ठाऊक,
एवढा मोठा पाय कुणाचा असतोय?
ऊन म्हणावं, तर त्याला सावली नाही.

किरणोत्सवात ऊन पायरी पायरीनं देवळात शिरतं,
देवीच्या पायाशी, कमरेशी, तोंडाशी.
गर्दी श्वास धरून उभी असते.
मी दाराबाहेर लोकांच्या चपला राखत बसलेलो असायचो.
आत काय उजळलं ते
परतणाऱ्यांच्या तोंडावर बघायचो.

उजेड पडतो कातड्यावर, आणि डॉक्टरीण काढते रक्त.
आधी काढलं, मधे काढलं, शेवटी काढणार.
मी म्हटलं, हे कसलं?
तिनं पेनानं गोल काढले.
हे तुमचे शिपाई, म्हणाली, घरातच मारामारी करतात.
कातड्याखालनं जाताना ऊन त्यांना गाठतं.
काही तिथंच पडतात,
काही निवून पुढं जातात, सांध्याकडं, काळजाकडं.
पुढं काय होतं ते आम्हालाही नीट ठाऊक नाही.
म्हणून तर रक्त.

ठाऊक नाही म्हणणारी डॉक्टरीण
मी पहिल्यांदा बघितली.

वरनं तेल लावलं की मागच्या बाजूला उतरतं,
हे मला तिनं सांगायला नको होतं.
पण ते मेलेलं कातडं.
मेल्यावरच ते पक्कं होतं.
माझं जितं आहे, म्हणून उकलतं.

ड जीवनसत्त्व अकराचं छत्तीस झालं, कागदावर आहे.
कागदावर नाही ते असं:
आधी चहा उकळेपर्यंत मूठ मिटायची नाही,
आता दूध घालायच्या आधी मिटते.
रात्री दोनला उठून भिंतीला पाठ घासणं बंद झालं.
आणि अंबाड्याखाली,
जिथं त्या नळ्यांचा उजेड पोचतच नाही,
तिथली आगही थोडी उतरली.
नसीमा म्हणते, मनाचं असेल मावशी.
असेल. मन काय वेगळ्या घरात राहतंय?

परत येणार, असं डॉक्टरीण म्हणाली.
सहा महिन्यांनी, कदाचित वर्षानं.
तिनं ते हळू आवाजात सांगितलं,
जसं काही माझ्यापासनं लपवायचं होतं.
मी म्हटलं, येऊ दे. कापशी चपलेलाही
पुन्हा पुन्हा तेल पाजावंच लागतं,
म्हणून कोण ती उकिरड्यावर टाकत नाही.

परवा सून वेणी शिकायला बसली.
वादी कुठनं वळते, तिला दिसेना.
तिनं माझ्या बोटावर बोट ठेवलं
आणि तसंच राहू दिलं.
मी वादी ओढली नाही.
मनात मोजत बसलो.
वीस. तीस.
पंचाहत्तरच्या पुढंही गेलो.