उकंडरावांची मापवही

आधीची दोन-अडीचशे पानं नुसती माणसं.
छाती, खांदा, बाही, सगळं गिरहांत.
कामठीच्या छावणीसाठी चारशे कोट, लाल बनात.
एका हवालदाराच्या नावापुढे बारीक अक्षरात :
'डावा खांदा उतरता. त्याला सांगू नये.
आतून कापूस भरावा.'

चार भावंडं गेली म्हणून पाचव्याला
उकिरड्यावर लोळवून नाव ठेवलं उकंडा.
त्याच्या इतवारीतल्या माडीवर पुढे
बावीस शिंपी बसायचे मांडी घालून,
खाली ओट्यावर काजं करणाऱ्या बाया,
डझनाला एक पैसा.

मग सन त्र्याऐंशी.
अक्षर तेच, मापं बदलतात.
'बुरूड गल्ली. नाली रुंद सहा गिरह, खोल चार.
बेत चुकला आहे. पाणी उलटं येतं.'
'भानखेड्याची विहीर. दोर अठरा हात. तळ दिसतो.'
कमिटीत साहेब इंग्रजीत बोलायला लागले
की हा म्हणे खिशातून फीत काढून
टेबलच मोजत बसायचा.

निवडून आला सत्तावन्न मतांनी.
मत होतं घरपट्टी भरणाऱ्यांना.
माडीवरच्या बाविसांत एकालाही नव्हतं,
ओट्यावर तर कुणी विचारायलाही गेलं नाही.
पण त्या दिवशी हारांखाली जो कोट होता
त्याची काजं लच्छीची.
दातानं दोरा तोडत तीच म्हणाली,
'भाऊ, आमच्या गल्लीत नळ कवा येईन?'

नळाचा बेत याच वहीत आहे.
तलावापासून निघालेली खडूची रेघ,
अर्धी पुसलेली,
चार पानं ओलांडून इतवारीत येते
आणि त्याच्या दाराशी थांबते.
कापड कमी पडलं, असं लिहिलेलं नाही.
काहीच लिहिलेलं नाही.

पुढे पाणीपट्टीचा ठराव, बाजूनं हात वर.
त्याखाली ज्यांनी कोट शिवणं बंद केलं
त्यांची नावं, मापांसकट.
पुढच्या खेपेला पडला. अकरा मतं.
ती कुणाची, हे त्याला
छातीच्या मापावरून ठाऊक असणार.

शेवटच्या पानावर एवढंच :
'लच्छीची गल्ली. लांबी'
आणि कोरी जागा.
तिथं सुई टोचून ठेवलेली, विसरल्यासारखी.
गंज खालच्या सात पानांत उतरलाय.
दोरा अजून आहे तिच्यात, लाल,
बनातीचा असावा.