नोंदी व्यवस्थित होत्या

दर मंगळवारी संध्याकाळी सातला
पोर्थ गेनीच्या बोटघरात मी वही उघडते.
बाहेर ओहोटी, चिखलात रुतलेले नांगर,
भिंतीवर अकरा जाकिटं,
इस्त्रीला दिलेल्या माणसांसारखी.

इथे कुणालाच पगार नाही.
गेथिन पाव भाजतो, एलेरी शाळेत गणित शिकवते,
मी औषधाच्या दुकानात गोळ्या मोजते.
पेजर वाजला की पीठ तसंच हाताला,
गणित तसंच फळ्यावर,
आणि रबरी होडी पाण्यात.
फुकट राबणाऱ्याला चूक कशी दाखवायची?
हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं चहात बुडवून खाल्ला.

होडीला एक दोरी असते. लाल, पिळाची,
जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी.
एक टोक इंजिनाला, दुसरं चालवणाऱ्याच्या मांडीला.
माणूस पडला की दोरी सुटते, इंजिन मरतं.
एवढंच. दीड हात लांब.
हर्णैला माझे वडील होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणायचे.
मला वाटतं, खरी नाळ ही.
फक्त उलटी : तुटली की जीव वाचवणारी.

सोळा ऑक्टोबर. सरावाची रात्र,
भांगाचं पाणी, वारा नावापुरता.
कॅडोगने दोरी चाकालाच गुंडाळली होती,
कारण सारखं उठावं लागतं, कारण सरावच तर आहे,
कारण त्याला शिकवणाऱ्यानेही तसंच केलं होतं.
कुठल्याशा फेरीबोटीची उरलीसुरली लाट आली,
तिने त्याला उचललं आणि बाजूला ठेवलं.

रिकामी होडी गोल फिरत परत येते,
हे मी वाचलं होतं.
धक्क्यावर विजेरी धरून उभी होते तेव्हा कळलं,
ती शोधत आल्यासारखी येते.

डावा पाय, गुडघ्याखाली.
वय एकोणीस.

कार्डिफहून दोन साहेब आले. एकाला सर्दी होती.
त्यांनी वहीवर बोट फिरवत वाचलं,
'दोरीची चाचणी : केली.'
पुढे माझी सही, ऑगस्टातली, निळ्या शाईची.
त्या दिवशी पाऊस होता. गेथिन म्हणाला, झालं गं सगळं.
मी होडीपाशी गेलेच नव्हते.
खिडकीतून दिसत होती ती.

अहवालात एक वाक्य आलं :
नोंदी व्यवस्थित होत्या.

दुकानात अशी सही केली असती
तर माझा परवाना गेला असता.
इथे माझे आभार मानले,
बिस्किटांचा डबा दिला.

मार्चमध्ये मी समितीपुढे उभी राहिले आणि सांगितलं.
कुणी रागावलं नाही. ते जास्त कठीण होतं.
सगळेच तसं करायचे, गेथिन म्हणाला.
म्हणूनच, मी म्हटलं.

आता सह्या दोन. एक आमच्यातल्याची,
एक पलीकडच्या खाडीवरल्या ठाण्याची,
ज्यांच्याशी आमचं तीन पिढ्या पटत नाही.
मुद्दामच त्यांना बोलावलं. ते डोळे वटारून बघतात.
जाकिटातल्या गॅसच्या नळकांड्या
मी दुकानातल्या तराजूवर तोलते.
पाठीमागे मला काय म्हणतात ते ठाऊक आहे;
त्यातला एक शब्द वेल्श आहे, बहुधा चांगला नाही.
दोघे सोडून गेले. एक परत आला.

कॅडोग येतो मंगळवारी.
उतारावर शेवाळ असतं, कार्बनचा पाय जपून टाकतो.
अन्वेन नवी आहे, सतरा वर्षांची, कुरतडलेली नखं.
तो तिला दोरी अडकवून देत नाही,
तिची तिला अडकवू देतो.
मग होडी वेगात असताना, काही न सांगता,
हिसका मारतो.

इंजिन थांबतं.
खाडीवर एकदम ऐकू येऊ लागतं सगळं :
रबरावर पाण्याच्या चापट्या, लांबवर एक पक्षी,
धक्क्यावर माझ्या पेनाचं टोपण.

मी अजून लिहीत नाही.
'पुन्हा,' मी ओरडते.