पातळ थर

मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले
की माझ्या काउंटरची काचही पिवळी होते.
फेब्रुवारीत पुसायला घेतो, मे उजाडला तरी पुसतोच.
हमाल येतात ते भुवईपासून टाचेपर्यंत हळदीचे,
आणि कंबरेला, करगोटा घामानं भिजतो तिथं
नायट्याचं रिंगण.

"एवढी हळद अंगावर, तरी लई खाजतंय की वो,"
रावसाहेब ऐवळे म्हणायचा, आणि दोघं हसायचो.
मी ट्यूब काढून द्यायचो.
पांढरी, करंगळीएवढी, तीन औषधं एकात.
चौथ्या दिवशी खाज गप्प.
महिन्याभरात तो परत दारात,
रिंगण मांडीपर्यंत उतरलेलं,
मी परत तीच ट्यूब.
एकवीस वर्षांत गिऱ्हाईक तुटलं नाही,
हे मी लग्नाकार्यात सांगत असे.

चौगुल्यांची पद्मजा अकरावीत असताना आली,
ओढणी नाकापर्यंत.
"काका, मुरूम जातील असं काहीतरी."
मी विचारलं नाही कधीपासून, किती, दुखतात का.
खोक्याच्या मागं बॉलपेननं लिहिलं:
रात्री. एक वेळ.
पंधरा दिवसांनी तिची आत्या आली,
"पोरगी उजळली की हो!"
स्वतःसाठी दोन ट्यूब घेऊन गेली.
मग वर्षभर धाकटा भाऊ यायचा,
चिठ्ठी नाही, नाव नाही,
नुसता रिकामा खोका पुढं करायचा.

ती पुन्हा आली तेव्हा भर दुपार,
शटर अर्धं खाली.
ओढणी तिनं स्वतःच सोडली.
गालाची कातडी सायीसारखी झालेली,
खाली लाल शिरांचं जाळं,
वर नवे फोड, जुन्याहून मोठे.
मिरजेच्या मुजावर डॉक्टरीणबाईंचा कागद तिनं काचेवर ठेवला.
पहिली ओळ: जुनी ट्यूब बंद.
खाली दोन रेघा.
"जे जे लावलं ते सगळं आणायला सांगितलं होतं," म्हणाली,
आणि पिशवी उपडी केली.
बेसनाची पुडी, टूथपेस्ट, सुकलेलं अर्धं लिंबू,
आणि सात खोके.
एक तिनं उलटा केला.
"हे तुमचंच अक्षर ना?"

हो म्हणालो.
आणखी काय म्हणणार होतो?

मग मी तो कागद वाचला, खरंच वाचला,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेवटच्या ओळीपर्यंत.
साबण साधा. घासायचं नाही.
फोडायचं नाही, आरशासमोर तर मुळीच नाही.
मलम वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला मिळून, पातळ थर.
बाहेर पडताना उन्हाचं लोशन.
"आधी अजून बिघडलेलं दिसेल," मी म्हणालो.
"बाई पण हेच म्हणाल्या. किती दिवस?"
"तीन महिने. जास्तही."
माझ्या दुकानात तीन महिने हा शब्द
तोवर फक्त उधारीसाठी वापरला होता.

रावसाहेबालाही सांगितलं.
सिव्हिलला दाखव, गोळ्या मध्येच सोडू नकोस,
कपडे वेगळे धू, कडक उन्हात वाळव,
बायकापोरांनाही तपासून घे,
आणि तो करगोटा काढ.
"आईनं बांधलेला हाय," तो म्हणाला.
"आनि आमी सा जण एका खोलीत. वेगळं कुठं धुवायचं?"
समोरच्या दुकानात गेला.
तिथून पांढरं काहीतरी खिशात घालून
माझ्याकडे न बघता यार्डात शिरला.
मला ओरडता आलं नाही. शिकवलं तर मीच होतं.

पद्मजा महिन्याच्या महिन्याला येते.
दिवाळीआधी आली ती ओढणी खांद्यावर टाकून.
"डाग आहेत अजून," मी बघायच्या आधीच बोलली,
लोशनचे पैसे मोजले,
सुट्टे दोन रुपये परत मागितले.

आता कुणालाही काही देताना
खोक्याच्या मागं लिहायला घेतो.
किती, कुठं, कधी थांबायचं,
कशानं आग झाली तर कुणाकडं जायचं.
जागा पुरत नाही.
अक्षर बारीक करत जातो.