छाट

ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात माझं टेबल.
एक लॅपटॉप, एक बोटांचं मशीन,
आणि मशीनमधून बोलणारी एक बाई
जिला कोणी पाहिलेलं नाही.

दुरपताबाई टेंभुर्णे. वय आधारवर एक्काहत्तर,
तिच्या हिशेबानं "बोडी फुटली त्या सालची".
निराधारच्या पैशासाठी महिन्यातून एकदा यावं लागतं,
ती चारदा येते. कधी पाचदा.

अंगठा ठेवला की लाल दिवा.
मशीनमधली बाई म्हणते, कृपया पुन्हा प्रयत्न करा.
"करतो व माय," दुरपताबाई तिला सांगते.
"करतो. तू जेवली का?"

रांगेतले हसतात.
पहिल्या वेळी मीही हसलो होतो.

बेचाळीस वर्षं विड्या वळल्या त्या बोटांनी.
टेंभराचं पान कातरायचं, जरदा भरायचा, तोंड मुडपायचं,
पंचवीस झाल्या की एक कट्टा.
अंगठ्यावरच्या रेषा त्या पानांबरोबर
कुठल्या कुठल्या गावांत धूर होऊन गेल्या.
आता ती दिवसही कट्ट्यानंच मोजते:
"पोरगा हैद्राबादले गेला, त्याले लय कट्टे झाले."
फोन आहे. पत्र्याच्या डब्यात, तांदळाखाली.
वाजला तर भिजू नये म्हणून.

साबणानं हात धुवून ये, मी सांगतो.
खोबरेल चोळ. डावा बघू. मधलं बोट बघू.
एकेक बोट धरून मी काचेवर दाबतो,
तणसाच्या काडीसारखं हलकं,
आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत राहते
जिथे शौचालय योजनेचं एक कुटुंब रंगवलंय:
आई, दोन मुलं,
आणि ओल येऊन कमरेपर्यंत उडालेला बाप.

"सट्टेदारही असाच होता," एकदा म्हणाली,
"हजारातल्या दोनशे छाट काढे.
छाट काढे, पण फेके नाही, ठेवून घे.
तू माहा अंगठा छाट काढतं, बापू,
ठेवतं कुठी?"

सर्व्हर, म्हणालो मी.
दुसरं काय म्हणणार.
माझाही कोड मार्चपर्यंतच आहे.

पौषात एका सकाळी रांग नव्हती.
धुकं बोडीवरून थेट टेबलापर्यंत आलेलं,
लॅपटॉपची काच मी बाहीनं पुसत होतो.
ती आली, अंगठा ठेवला, चाक फिरायला लागलं,
फिरत राहिलं, हिरवा लागणार असं वाटलं
आणि तिनं अंगठा उचलला.
एवढासाच.
टेंभराच्या पानाच्या जाडीएवढा.

कृपया पुन्हा प्रयत्न करा.
"करतो व माय."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं भिंतीकडे.
खात्यात तीन महिन्यांचे पैसे पडून होते
आणि घरी पेज शिजत होती
जिच्यात शितं मोजता यावीत. मी ती पाहिली होती.
पदराची गाठ सोडून तिनं बिस्किटांचा पुडा
माझ्या माऊसशेजारी ठेवला.
"उपाशी मानसाचा धीर सुटते मशीनवर."

किती महिने? पहिल्यापासून?
की आधी खरंच जुळत नव्हता
आणि मग एके दिवशी जुळायला लागला
आणि तिला भीती वाटली?

मी तिचा अंगठा माझ्या अंगठ्याखाली घेतला
आणि दाबून धरला. जरा जास्तच वेळ.
हिरवा.

"झालं?" ती म्हणाली,
दुकानाचं अर्धं शटर ओढलेलं बघून
माणूस विचारतो तसं.
नोटा तिनं मोजल्या नाहीत.
पायरीपर्यंत गेली, चप्पल शोधत राहिली,
चप्पल पायातच होती.

"आजी," मी हाक मारली,
"पासबुक भरायचं राहिलं. उद्या यावं लागेल."

पासबुक भरायचं मशीन आमच्याकडे नाही.
ते साकोलीला आहे.
तिला ते माहीत आहे.

"किती वाजता?" तिनं विचारलं.