तारेखालचा अंधार

बाईच्या घरावरून तीन तारा जातात.
रात्री गुणगुणतात, ती म्हणाली,
बर्फ भुरभुरला की जास्तच.
दिव्याखाली अंधार असतो, हे शाळेतच पाठ झालं होतं.
तारेखालचा पाहायला
मला ॲरिझोनापर्यंत यावं लागलं.

एल्सी नाकाई. वय एकोणऐंशी.
नवरा छत्तीस वर्षं कोळशाच्या खाणीत.
त्याने उपसलेला कोळसा
याच तारांतून शहरात गेला,
कुणाच्या पोहण्याच्या तलावाच्या तळाशी
निळा दिवा होऊन बसला.
घरी कंदील.
आणि झाकण तुटलेल्या थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ,
बर्फात इन्सुलिन.
बर्फाचं दुकान एकेचाळीस मैलांवर.

मी परळीची.
आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर
औष्णिक केंद्राची राख बसायची,
आणि भारनियमनाचं वेळापत्रक
दारामागे, पंचांगाच्या खिळ्यालाच टांगलेलं.
तिला यातलं काही सांगितलं नाही.
खांबासाठी खड्डा खणत राहिले.
लाल माती, मग खडक, मग नुसता खडक.

होगनचं दार पूर्वेला.
पॅनल दक्षिणेला का तोंड करून, तिने विचारलं,
उगवतीकडे पाठ फिरवून कोण उभं राहतं?
मी अक्षांश सांगितला, कोन सांगितला,
नातवाने, टायरेलने, तिच्या भाषेत पुन्हा सांगितलं,
बराच वेळ लागला त्याला, आणि ती हसली.
काय सांगितलंस?
तो म्हणाला, मी सांगितलं की ते दुपारी जेवतात.

खांब मात्र चार पावलं सरकवावा लागला.
दारातल्या पहिल्या उन्हावर
सावली पडता कामा नये.

महिन्याला किती?
वीस डॉलर.
बोटांवर तिने बर्फाच्या पिशव्या मोजल्या,
पेट्रोल मोजलं, टायरेलचे बुडलेले दिवस मोजले.
बोटं संपली.
बर्फापेक्षा स्वस्त, ती म्हणाली,
आणि वितळत नाही.

माझ्या कागदावर सगळं मांडलेलं होतं:
एक छोटा फ्रिज, चार दिवे, एक फोन,
ढगाळ दोन दिवसांची बॅटरी.
बेरीज चोख.

तिसऱ्या दिवशी तपासायला गेले
तर भिंतीशी सहा फोन ओळीने पडलेले,
एक रेडिओ, एक कर्णयंत्र,
आणि कुणाच्या तरी मुलीचा लॅपटॉप,
मुलगी दारात पाय पसरून निबंध लिहीत होती.
दरीपलीकडच्या लोकांनी
रात्री खिडकी उजळलेली पाहिली होती.
कुणी मटण आणलं होतं, कुणी पीठ.

एवढा भार धरला नव्हता मी, म्हटलं.
पाहुण्यांचा रकाना
माझ्या कागदावर नव्हताच.
तिने मला तळलेली भाकरी दिली, खायला लावली,
मग म्हणाली: मग कागद बदल.

बदलला.
दरीपलीकडे आता आणखी दोन खांब आहेत,
तिसऱ्याची परवानगी अडली आहे.
पहिल्या हिवाळ्यात एक बॅटरी गेली,
बदली यायला अकरा दिवस लागले,
ते अकरा दिवस इन्सुलिन
शेजारच्या खांबाखाली राहायला गेलं.
पायी. पंचवीस मिनिटं.

त्या पहिल्या रात्री पाना विसरले म्हणून
मी अर्ध्या वाटेवरून परतले होते.
दिवे सगळे बंद.
बिघाड झाला वाटून धावले,
तर ती अंधारात फ्रिजजवळ खुर्ची घेऊन बसलेली,
आणि कुत्रा फ्रिजवर भुंकत होता,
थांबत होता, पुन्हा भुंकत होता.
दिवे का बंद केलेत?
ती म्हणाली, शू.
वर तारांची गुणगुण,
खाली याची.
वरची इतकी वर्षं ऐकते आहे.
हिची सवय
कुत्र्याला आणि मला
अजून व्हायची आहे.