नष्ट करणे

कलेक्टर कचेरीच्या तळघरात
माझ्या टेबलावर दोन शिक्के असतात.
'कायम' आणि 'नष्ट करणे'.
पहिल्याची शाई वाळून जाते.
दुसऱ्याची दर सोमवारी भरावी लागते.

शिक्का बसला की बस्ता खोब्रागडेकडे,
तो मशिनीत सरकवतो, पट्ट्या होतात,
पट्ट्यांचा लगदा, लगद्याचा म्हणे पुन्हा कागद,
त्यावर उद्या कोणाचा तरी सातबारा.

धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उलगडला
तेव्हा मला एवढंच कळलं
की पेशीतही आमचंच खातं आहे.
काम संपलेलं प्रोटीन, वाकडं घडलेलं प्रोटीन,
त्यावर कोणीतरी चिठ्ठी डकवतं,
मग दातेरी पिंपात त्याचे तुकडे.
चिठ्ठ्या डकवणाऱ्यांपैकी एका बाबूचं नाव
यूबीई थ्री ए.
निरंजनाच्या मेंदूत ती खुर्ची रिकामी.

आईकडची प्रत गळाली आहे, बाई म्हणाल्या.
विशाखा टेबलाच्या काचेकडं बघत म्हणाली,
"म्हणजे माझ्याचकडून झालं न हे?"

माझी प्रत आहे.
जशीच्या तशी, एक अक्षर इकडचं तिकडं नाही.
पण मेंदूच्या पेशींत या एका जागी
बापाची प्रत बोलत नाही.
कोणाच्याच बापाची बोलत नाही,
तसा नियमच आहे म्हणाल्या,
आणि मला, नियमांवर पोट भरणाऱ्याला,
त्यावर काय विचारावं ते सुचलं नाही.

येताना स्कूटरवर मी गप्प.
लोखंडी पूल, कॉटन मार्केट, घर.
"तुझ्याकडून नाही गं"
एवढे तीन शब्दही नाही.

त्याला चार वर्षं झाली.
आज सेहेचाळीस अंश.
कूलर बंद करून टाकी भरायला घेतली
की निरू कुठूनही रांगत येते, सात वर्षांची,
कोपरापर्यंत हात पाण्यात घालते
आणि हसते. पाइपला हसते, वाळ्याच्या टट्ट्याला हसते,
भिंतीवरच्या पालीला, मला.
तिच्या तोंडी एक शब्द नाही.
काही टाकून द्यायचं असतं
हे तिला कोणी सांगितलेलंच नाही.

मी शेजारी उकिडवा बसतो.
अंगठ्यावरची जांभळी शाई पाण्यात सुटते,
दोऱ्यासारखी.
ती धरायला बघते.

"विशाखा," मी म्हणतो,
"त्या दिवशी स्कूटरवर मी..."
टुल्लू पंपाच्या घरघरीत पुढचं जात नाही.

ओट्यावरून ती ओल्या हातांनी येते,
पंप बंद करते
आणि दाराला टेकून उभी राहते.