समविभव

चोपडा. भिरूडांचा ओटा. उद्या प्रॅक्टिकल.
प्लॅस्टिकच्या टबात तळापुरतं पाणी, दोन खिळे,
नऊ व्होल्टची बॅटरी,
मल्टिमीटर मागून आणलेला.
नूतन वाचून दाखवते :
समविभव रेषेवरून प्रभार नेताना कार्य शून्य.
म्हंजे?
कोणालाच कळत नाही. तिलाही.

गुमान पावरा, वर्गात कधी न बोलणारा,
ओल्या बोटानं फरशीवर डोंगर काढतो.
"आमच्याकडे बकऱ्या आडव्या चालतात,
एकाच उंचीनं. दम लागत नाही.
पाणी मात्र ती वाट काटकोनात तोडून
सरळ खाली."

टोक बुडवलं : तीन.
जरा वळवून सरकवलं, तरी तीन.
"आरे भो!" अंधारातून कोणीतरी.

सकाळी नूतनच्या जर्नलात
रेषा नीट, बाण काटकोनात,
आणि समासात पेन्सिलीची एक बकरी,
खोडायची राहिलेली.